रोझेशियावरील मलमांची तुलना: शोधनिबंधातील आकडे कसे वाचावेत?

प्रश्न
नमस्कार. मला चार वर्षांपासून रोझेशिया आहे. गाल व नाक सतत लालसर असते आणि मधूनमधून पुटकुळ्या येतात. मेट्रोनिडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन यांपैकी एक मलम सुरू करण्याचा सल्ला त्वचारोगतज्ज्ञांनी दिला आहे. या दोन्हींची तुलना करणाऱ्या एका शोधनिबंधानुसार १६ आठवड्यांनी पुटकुळ्या आयव्हरमेक्टिनमुळे ८३ टक्क्यांनी, तर मेट्रोनिडाझोलमुळे ७३.७ टक्क्यांनी कमी झाल्या. हा फरक कितपत मोठा मानावा?

पहिला प्रतिसाद
ही चाचणी ९६२ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष मोलाचे आहेत, परंतु तिच्या दोन्ही गटांना औषधच दिलेले असल्याने, औषध नसते तर किती उतार पडला असता, हे तिच्यातून समजू शकत नाही. त्यासाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयव्हरमेक्टिनच्या दोन चाचण्या पाहाव्यात. त्यांत एका गटाला औषधयुक्त, तर दुसऱ्याला औषध वगळून बाकी सर्व घटक तेच असलेले मलम दिले होते. १२ आठवड्यांनी त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झालेल्यांचे प्रमाण एका चाचणीत ३८.४ विरुद्ध ११.६ टक्के, तर दुसरीत ४०.१ विरुद्ध १८.८ टक्के होते. औषधाविनाही इतक्या लोकांना बरे वाटते, याचे कारण नुसते मलमही कोरड्या त्वचेला आराम देते. शिवाय हा आजार आपणहून चढतो-उतरतो आणि माणूस चाचणीत बहुधा त्रास वाढलेला असतानाच दाखल होतो. म्हणून एका गटातील घट कितीही मोठी दिसली, तरी मी आधी शेजारच्या गटाचा आकडा शोधतो.

आपल्या निबंधात आणखी एक बाब आहे: आयव्हरमेक्टिन दिवसातून एकदा आणि मेट्रोनिडाझोल दोनदा लावायचे असल्यामुळे, कोणते औषध दिले आहे हे केवळ तपासणाऱ्यापासून लपवले होते.

दुसरा प्रतिसाद
आपला मुख्य त्रास लालसरपणाचा असेल, तर पुटकुळ्यांच्या मोजणीतून त्याचे उत्तर मिळणार नाही. लालीसाठीच्या ब्रिमोनिडीन जेलचा परिणाम चाचण्यांत लावल्यानंतरच्या १२ तासांत मोजला गेला; पुढे प्रत्यक्ष वापरात, परिणाम ओसरल्यावर लाली पूर्वीपेक्षाही वाढल्याच्या तक्रारी आल्या. मोजमापाचा कालावधी वाचणे किती आवश्यक आहे, ते यावरून लक्षात येईल. शिवाय अशा चाचण्यांतील बहुसंख्य रुग्ण गोऱ्या कातडीचे असतात, तर सावळ्या त्वचेवर लाली डोळ्यांना सहज दिसतही नाही; ही उणीव मला फार गंभीर वाटते.

तिसरा प्रतिसाद
एकाच निबंधावर थांबू नये. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही एखाद्या विषयावरील सर्व चाचण्या एकत्र तपासणारी स्वतंत्र संस्था आहे) १०६ चाचण्या व १३,६३१ रुग्ण विचारात घेतले आहेत आणि पुराव्याची प्रतही जोखली आहे. खर्च कोणी केला हेही पाहावे. आपण दिलेली चाचणी आयव्हरमेक्टिन बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर झाली होती, त्यामुळे ती खोटी ठरत नाही, मात्र बारकाईने वाचावी लागते. याच चाचणीत गुण आलेल्या रुग्णांचे औषध थांबवून त्यांना पुढे ३६ आठवडे पाहिले, तेव्हा आजार परतण्याचा मध्यक कालावधी (म्हणजे निम्म्या रुग्णांचा आजार जितक्या दिवसांत परतला तो काळ) आयव्हरमेक्टिनच्या गटात ११५ दिवस, तर मेट्रोनिडाझोलच्या गटात ८५ दिवस आला. वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारात ९ टक्क्यांच्या फरकापेक्षा मला हा महिनाभराचा फरक अधिक विचारात घेण्याजोगा वाटतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांची मनापासून आभारी आहे. माझा मूळ त्रास लालीचा आहे की पुटकुळ्यांचा, हेच मी आधी डॉक्टरांकडून स्पष्ट करून घेईन.