पालखेड १७२८: मोठी लढाई न होता निजाम कशामुळे नमला?

गोदातीर (प्रश्न)

पहिल्या बाजीरावांच्या पालखेड मोहिमेविषयी एक शंका आहे. निजामुल्मुल्क औरंगजेबाच्या लष्करात मुरलेला, बाजीरावांपेक्षा वयाने जवळजवळ तीस वर्षांनी मोठा सेनानी होता. त्याच्याजवळ उत्तम तोफखाना होता, कोल्हापूरचे संभाजीराजे त्याच्या बाजूला होते आणि पुणेही त्याच्या हाती पडले होते. तरीही ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह करून शाहू महाराजांचा दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा (महसुलाच्या चौथ्या आणि दहाव्या हिश्श्याचा) हक्क त्याला मान्य करावा लागला. याचे श्रेय घोडदळाच्या वेगाला द्यावे, बाजीरावांच्या डावपेचांना द्यावे, की निजामच गाफील राहिला असे म्हणावे?

सडीफौज

निजाम गाफील मुळीच नव्हता, आणि म्हणूनच मला ही मोहीम थोर वाटते. जालना-सिंदखेडचा मुलूख लुटून बाजीरावांनी बऱ्हाणपूरवर जाण्याची हूल दिली; निजाम तिकडे धावला, तोवर ते खानदेशातून गुजरातेत उतरले होते. पाठलाग व्यर्थ आहे हे ओळखून निजामाने पुण्याकडे मोर्चा वळवला, कारण स्वतःचा मुलूख जळू लागला की पेशव्याला परतावेच लागेल, हा त्याचा हिशेब होता. हिशेब शहाणपणाचाच होता, पण बाजीरावांनी पुण्याची नासधूस सोसली आणि थेट औरंगाबादेवर रोख धरला. आता धावणे निजामाला भाग होते. घाईच्या मजलांत त्याचा अवजड तोफखाना मागे पडला आणि फेब्रुवारीअखेर पालखेडजवळ त्याला घेरून पाणी आणि दाणावैरण तोडण्यात आली. (हे पालखेड वैजापूर तालुक्यातले आहे, निफाडकडच्या धरणाच्या पालखेडशी त्याची गल्लत नेहमी होते.) उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या भागात हजारो माणसे आणि जनावरे पाण्यावाचून किती दिवस निभावणार? वेगाचा उपयोग झाला तो शत्रूला आपल्याला हव्या त्या जागी आणण्यासाठी, आणि श्रेय द्यायचे तर याच योजनेला द्यावे.

यमुनाकाठ

वरील विवेचन पटते. मात्र ही युक्ती ज्याच्या ध्यानात येईल त्याची असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पानिपतच्या मोहिमेत २५ ऑक्टोबर १७६० च्या सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊसाहेबांचा दिल्लीशी असलेला संबंध तोडला. नदीच्या उतारांवर पुरेसा पहारा नव्हता आणि बातमीही वेळेत लागली नाही. अब्दालीची रसद मारण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते गोविंदपंत बुंदेले मूळचे वसुलीच्या कामातले, वयोवृद्ध गृहस्थ. डिसेंबरात ते अचानक झालेल्या हल्ल्यात मारले गेले आणि उलट मराठ्यांच्याच छावणीत अन्नान्नदशा झाली. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना उत्तम होता, पण बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचा भार घेऊन अडकलेल्या सैन्याला हालचालच करता येईना. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे सरदारांनी भाऊसाहेबांना सांगितल्याचे समकालीन वृत्तांतात आले आहे. १४ जानेवारीला मराठे लढाईला बाहेर पडले ते या अवस्थेत. तेहतीस वर्षांपूर्वी निजामाची जी कोंडी आपण केली होती, ती पानिपतावर आपल्या वाट्याला आली, याची हळहळ आजही वाटते.

गोदातीर

दोघांचेही आभार. तरी एक शंका उरते: तोफखाना मागे पडला नसता, तर पालखेडला निजाम वाचला असता का?

सडीफौज

याचे उत्तर भोपाळला मिळते. १७३७ च्या डिसेंबरात निजाम दिल्लीच्या बादशहाच्या वतीने मोठी फौज घेऊन माळव्यात उतरला, आणि या वेळी तोफा त्याच्यासोबत होत्या. त्यांच्या माऱ्यामुळे बाजीरावांनी समोरून चढाई करण्याचे टाळले. निजामाने भोपाळच्या तटाचा आसरा घेताच त्यांनी भोवतालच्या वाटा धरून दाणावैरण बंद केली आणि मदतीला येणाऱ्या फौजाही अडवल्या. महागाई आणि उपासमार असह्य झाल्यावर निजाम तोफांच्या आडोशाने बाहेर पडला खरा, पण त्या ओढत नेताना त्याची चाल इतकी मंदावली की मराठी स्वारांनी त्याला सतत हैराण केले. अखेर जानेवारी १७३८ मध्ये दोराहासराई येथे नर्मदा आणि चंबळ यांमधला प्रदेश व पन्नास लाख रुपये मिळवून देण्याचे त्याने स्वहस्ते लिहून दिले.