रोजचं वजन गटात नको

वजन कमी करण्यासाठी एकमेकांना साथ देणारा गट करायचा, त्यात प्रत्येकाने रोज सकाळी वजन लिहायचं आणि २१ दिवसांत सवय लागतेच, असं कुणी सुचवलं आहे; त्यातल्या वजन लिहिण्याच्या आणि २१ दिवसांच्या मुद्द्यांवर थोडं.

रोज वजन लिहायला माझा विरोध आहे. आदल्या रात्रीचं खारट खाणं, शरीरात साठलेलं पाणी, एवढ्यानेही काटा किलोभर इकडेतिकडे होतो. आकडा वाढला की माणूस आधी लिहिणं बंद करतो, मग येणंच. त्यापेक्षा जे आपल्या हातात आहे ते लिहावं. आज चाललो का, जेवणात भाजी किती घेतली, रात्री उशिराचं खाणं टळलं का. 'आज काहीच जमलं नाही' हेही बिनधास्त लिहिता आलं पाहिजे आणि त्यावर कुणी उपदेशाचे डोस पाजू नयेत. (हा नियम पाळणं सगळ्यात अवघड!)

२१ दिवसांचं म्हणाल, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायचा मध्यांक ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले; माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून खाडा झाला तर मोजणी पुन्हा शून्यापासून नको.

चालण्याचं लक्ष्य आठवड्याचं ठेवू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. चालायला दोघादोघांच्या जोड्या लावायच्याच असतील तर सारख्या वेगाच्या लावा.