मदत हवी आहे : पोहायला जाणाऱ्या मुलीला सनस्क्रीन नेमके कसे लावावे?

नमस्कार. आम्ही नाशिकला गंगापूर रोड परिसरात राहतो. माझी सात वर्षांची लेक एप्रिलपासून पोहण्याच्या उन्हाळी वर्गाला जाते. सकाळच्या तुकड्या आधीच भरल्यामुळे तिला अकरा ते बाराची वेळ मिळाली, आणि तलावावर छप्पर नाही. पहिल्याच आठवड्यात तिचे खांदे आणि नाकाचा शेंडा लालबुंद झाला, रात्री फ्रॉकची शिवण टोचते म्हणून ती रडली आणि चार दिवसांनी खांद्यावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटू लागली. सावळ्या रंगाला ऊन बाधत नाही, ही माझी समजूत तिथेच संपली.

मग औषधाच्या दुकानातून एसपीएफ (म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ५० चे, वॉटर रेझिस्टंट असे छापलेले सनस्क्रीन आणले. तलावावर पोहोचल्यावर मी ते लावते, पण पाण्यात उतरताच ते ओघळून डोळ्यांत जाते; ती पोहण्याचा चष्मा काढून डोळे चोळत बसते आणि प्रशिक्षकांची बोलणी खाते. चेहऱ्याला ते कसे लावावे, किती लावावे आणि तासाभराच्या वर्गात पुन्हा लावावे लागते का, हे मला विचारायचे आहे. शिवाय तिला सोडायला जाताना पाच महिन्यांचा धाकटा माझ्या कडेवर असतो. त्यालाही हेच चालेल का?

सासूबाईंच्या मते खोबरेल तेल पुरेसे आहे. निफाडच्या द्राक्षबागेत त्यांचा जन्म उन्हात गेला, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्याची सोय नाही. (बागेत त्या स्वतः मात्र साडीवर मामंजींचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवून जात.)

प्रतिसाद १ :
आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कंसातल्या शर्टात आहे. आधी कापड आणि नंतर सनस्क्रीन, हाच क्रम धरावा. मुलीला लांब बाह्यांचा, मान झाकणारा पोहण्याचा पोशाख घ्यावा, म्हणजे पाठ आणि खांदे यांचा प्रश्नच उरत नाही. पाण्यात बुडालेले अंग सुरक्षित असते असे मानू नये, कारण अर्धा मीटर खोलीवरही अतिनील किरणांची तीव्रता पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के असते.

उरलेल्या भागासाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन पाहावे. ते डोळ्यांना सहसा कमी झोंबते. त्याचा पांढरट थर मुलांना आवडत नाही, पण कुठली जागा सुटली ते त्यामुळेच कळते. चेहऱ्यासाठी कांडीच्या स्वरूपातले मिळाले तर उत्तम, कारण ते कमी ओघळते. भुवयांच्या वर आणि पापण्यांवर लावू नये, तिथे चष्मा आणि बाहेर आल्यावर टोपी असावी. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारी अतिनील किरणे अडवते, म्हणजे आकड्यापेक्षा आपण हात आखडता घेतो त्यानेच जास्त नुकसान होते. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतक्या रेघा लागतात. ते तलावावर न लावता घरीच, पाण्यात उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे. वॉटर रेझिस्टंटचा अर्थ पाण्यात ४० किंवा ८० मिनिटे टिकते इतकाच असतो. आपल्या बाटलीवर कोणता आकडा आहे ते पाहावे. वर्ग संपल्यावर अंग टिपून पुन्हा लावावे.

धाकट्याला सध्या लावू नये. सहा महिन्यांखालील बाळाला सावली, झबले आणि टोपरे एवढेच द्यावे, आणि शक्य असेल तर त्या वेळी घरीच ठेवावे. खोबरेल तेलाचे संरक्षण अगदी तोकडे असते. आणि सकाळच्या तुकडीत एखादी जागा रिकामी झाली तर ती सोडू नका.

धागाकर्ती :
मनापासून आभार. बाटलीवर ४० मिनिटे लिहिले आहे, म्हणजे मी रोज वीस मिनिटे भ्रमात होते. पोशाख मागवला आहे. सासूबाईंना शर्टाचे सांगितले, तेव्हा "मग बाटली कशाला आणलीस?" असे त्यांनी विचारले. नाकाच्या शेंड्यासाठी, असे उत्तर देऊन ठेवले आहे.