मदत हवी आहे: सॉपविथ कॅमल टेकऑफनंतर गुदमरते, उजवीकडे वळवली की स्पिनमध्ये जाते (पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांचा सिम्युलेटर)

वातकुक्कुट:
१३० अश्वशक्तीच्या क्लर्जे इंजिनाची कॅमल, सगळी ऑटो मदत बंद. टेकऑफ नीट होतो, पण थोडी उंची घेतली की इंजिन धाप टाकते आणि बसते. दुसरे म्हणजे, डावे वळण जमते. उजवीकडे नाक पडते, स्टिक ओढली की थेट स्पिन, म्हणजे गरगरत खाली. जॉयस्टिकचे कॅलिब्रेशन, डेडझोन तपासून झाले. त्याच सेटिंगवर एस.ई.५ए हे त्याच काळातले दुसरे विमान व्यवस्थित उडते. शिवाय पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्या कॅमलची रंगसंगती कुणाकडे आहे का?

एरंडेल:
जॉयस्टिक निर्दोष आहे. एस.ई.५ए मध्ये इंजिन जागेवर असते, फिरतो तो फक्त पंखा. कॅमलच्या रोटरी इंजिनात नऊच्या नऊ सिलिंडर पंख्याबरोबर मिनिटाला साधारण १२५० फेरे मारतात. तुमच्या दोन्ही तक्रारी तिथूनच येतात, पण इलाज वेगवेगळे.

आधी इंजिन. हवेचा लिव्हर वेगळा, पेट्रोलचा बारीक लिव्हर वेगळा. दोन्ही वेगवेगळ्या अक्षांवर बसवा. विमान वर निघाले की जमिनीवर जुळवलेले पेट्रोल जास्त व्हायला लागते. चाके सुटून चढ स्थिर झाला की पेट्रोलचा लिव्हर किंचित मागे घ्या, आवाज सलग राहतो का ऐका. गुदमरलीच तर बहुतेक जण घाबरून पेट्रोल वाढवतात, तिथेच घात होतो. उलट करायचे: पेट्रोल पूर्ण बंद, नाक खाली, वेग राखा. साठलेले पेट्रोल निघून जायला काही सेकंद लागतात. मग हळूहळू उघडा. इंजिन दाद देत नाही म्हणून लिव्हर मागेपुढे करत बसू नका. आणि परत धावपट्टीकडे वळू नका, समोर उतरा. १९१७-१८ मध्ये नवशिके वैमानिक नेमके इथेच मरत.

तिरका_पंख:
वळणाचे मी सांगतो. कॉकपिटमधून पाहता इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरते. त्यामुळे नाक उजवीकडे नेले की ते खाली दबते, डावीकडे नेले की वर उठते. दुसरा भाग लोक विसरतात: स्टिक मागे ओढली की नाक उजवीकडे सरकते. उजव्या तीव्र वळणात विमान आडवे असते, म्हणजे ‘उजवीकडे’ याचा अर्थ जमिनीकडे. नाक पडतेय म्हणून जितके ओढाल तितके ते आणखी पडेल. म्हणून दोन्ही वळणांत डावा रडर (शेपटीचे सुकाणू) लागतो. उजवीकडे तर वळण सुरू करतानाच द्या, नाक पडल्यावर नव्हे.

त्यात इंजिन, वैमानिक, बंदुका आणि इंधन असे बहुतेक वजन पुढच्या सात फुटांत एकवटलेले, म्हणून ती झटकन फिरते. शेपटीचा कोन उडताना बदलता येत नाही. कमी उंचीवर स्टिक सतत पुढे दाबून धरावी लागते. स्प्रिंगची जॉयस्टिक असेल तर पिचचा (नाक वर-खाली करण्याचा) कर्व्ह मधल्या भागात मऊ करा.

स्पिन झालाच तर इंजिन बंद करा, फिरण्याच्या उलट दिशेचा रडर द्या, स्टिक मध्याच्या थोडी पुढे. उंची असेल तर ती सुटते.

वातकुक्कुट:
डाव्या रडरने फरक पडला, धन्यवाद. उतरताना मात्र स्टिकवरचे ब्लिप बटण धरून ठेवले की इंजिन परत पकडत नाही.

एरंडेल:
कारण बटण फक्त ठिणगी तोडते, पेट्रोल आणि वंगणाचे एरंडेल तेल येतच राहते. प्लग तेलकट होतात, कव्हरखाली पेट्रोल साठते. मग ठिणगी दिली की आग लागण्याची भीती. बटण क्षणभर दाबून सोडा. लांब घसरत यायचे असेल तर पेट्रोल बंद करा आणि जमिनीच्या बरेच वर असताना पुन्हा सुरू करून पाहा.

रॉय ४० स्क्वाड्रनमध्ये एस.ई.५ए वर होते, त्यामुळे त्यांची कॅमल शोधू नका. भारतीय वैमानिकाचीच हवी असेल तर हरदितसिंग मलिक, २८ स्क्वाड्रन, ऑक्टोबर १९१७ असा शोध घ्या.