मदत हवी आहे: घरच्या कॉम्प्युटरवर नोस्क्रिप्ट ठेवू की काढू?

खानापूरला घरी सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर, त्यावर फायरफॉक्स. पुतण्या फुकट गेमच्या नादात भलत्याच खिडक्या उघडायचा, म्हणून नोस्क्रिप्ट टाकलं, म्हणजे पानांमधल्या स्क्रिप्ट (पानाबरोबर येणारे छोटे प्रोग्राम) अडवणारं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन. खिडक्या थांबल्या, पण बाबांना शेताचा उतारा काढताना कॅप्चाच दिसेना, वहिनीचं बँकेचं पान ओटीपीआधीच पांढरं. साईटवार परवानगी देता येते, हो. पण एका पानामागे स्क्रिप्ट पाठवणारे डझनभर डोमेन (साईटचे पत्ते), त्यातलं कुठलं सोडायचं हे बाबांना काय कळणार? ते सरसकट सगळंच चालू करून मोकळे होतात! मी दिवसभर बेळगावात कामावर, फोनवरून सांगणार तरी किती?

युब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनमध्ये फक्त तिऱ्हाईत डोमेनच्या स्क्रिप्ट अडवता येतात, ते घरच्यांना झेपेल का? की पुतण्याचा फायरफॉक्स प्रोफाइलच वेगळा करू, म्हणजे नोस्क्रिप्ट फक्त त्याच्याच सेटिंगमध्ये राहील? कुणाच्या घरी असं चालू असेल तर सांगा.