पूर्व भूमध्य सागरातील प्राचीन स्थळांची क्रूझ : ७ रात्रींची घ्यावी की १० रात्रींची?

नमस्कार.

आईवडिलांना घेऊन गणपतीनंतर आणि दिवाळीपूर्वी ग्रीस व आसपासची प्राचीन स्थळे जहाजाने पाहावीत, असे आमच्या घरी ठरत आले आहे. वडील ७१ वर्षांचे आहेत आणि आई ६७ वर्षांची. दोघे कोल्हापूरला असतात, मी पुण्यात. वडिलांनी आयुष्यभर माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती आमच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ती दाखवायला ते दरवर्षी मुलांना घेऊन जात आणि ग्रीकांचा हा सागरदेव पंचगंगेच्या काठी कसा पोहोचला असेल, असा प्रश्न त्यांना घालत. आता त्या देवाचा समुद्र एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा आहे.

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. सपाट रस्त्यावर ती मध्ये मध्ये बसत दोन किलोमीटर चालते, परंतु पायऱ्या, विशेषतः उतरताना, तिला जड जातात. रोज हॉटेल बदलणे आणि बॅगा भरणे या दगदगीपेक्षा एकच केबिन बरी, म्हणून क्रूझचा विचार पुढे आला.

आमच्यासमोर दोन सहली आहेत. पहिली ७ रात्रींची आहे. ती अथेन्सच्या पिरिअस बंदरातून निघते आणि कुशादासी, ऱ्होड्स, हेराक्लिओन, सँटोरिनी व मिकोनोस करून पिरिअसला परत येते. दुसरी १० रात्रींची आहे आणि तिच्यात मिकोनोस वगळून सायप्रसचे लिमासोल व इजिप्तचे अलेक्झांड्रिया ही दोन बंदरे अधिक आहेत. अलेक्झांड्रियाहून गिझाचे पिरॅमिड दाखवून आणण्याची सहलही ते देतात. माझा कल पहिल्या सहलीकडे आहे, परंतु वडिलांनी एक वाक्य टाकले आणि मी गप्प झाले. जगातील सात प्राचीन आश्चर्यांपैकी एफिससचे (कुशादासीजवळच्या प्राचीन शहरातील) आर्टेमिसचे मंदिर, ऱ्होड्सचा महाकाय पुतळा आणि अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ ही तीन दुसऱ्या सहलीच्या वाटेवर येतात, आणि तिन्ही आज अस्तित्वात नाहीत. "नसलेली आश्चर्ये पाहायला इतक्या दूर जायचे आणि जे एकमेव उभे आहे तो गिझाचा पिरॅमिड सोडून यायचे, हे मला कळत नाही," असे ते म्हणाले.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की दुसऱ्या सहलीत प्रत्येक स्थळासाठी खरोखर पुरेसा वेळ मिळतो का, आईला कोणती स्थळे झेपतील आणि कोणत्या ठिकाणी तिला जहाजावर किंवा कॅफेत बसू देणे शहाणपणाचे ठरेल. व्हिसाबाबतही गोंधळ आहे, कारण ट्रॅव्हल एजंटने एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांना मिळून असलेला एकच व्हिसा) चालेल असे सांगितले आहे. आई शाकाहारी आहे. ऑक्टोबरमध्ये समुद्र किती खवळलेला असतो, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

प्रतिसाद १

सर्वांत आधी व्हिसाचे पाहा, कारण तेथेच सहल अडकू शकते. ग्रीस शेंगेनमध्ये आहे आणि कुशादासी तुर्कस्तानात. जहाज कुशादासीला गेले की तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर पडता आणि ऱ्होड्सला उतरताना पुन्हा आत येता. एकाच प्रवेशाचा व्हिसा तेथे संपलेला असेल. म्हणून अनेक प्रवेशांचाच व्हिसा मागावा आणि अर्जासोबत जहाजाचा मार्ग बंदरनिहाय जोडावा. सायप्रस युरोपीय संघात असला तरी शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे दुसऱ्या सहलीत लिमासोललाही हाच प्रश्न येतो. तुर्कस्तानसाठी, वैध शेंगेन व्हिसा हाती असलेल्या भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, म्हणजे आधी शेंगेन आणि मग तुर्कस्तान असा क्रम ठेवावा लागेल. इजिप्तचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचे प्रवासविमा संरक्षण लागते. एजंटकडून हे लेखी घ्या.

प्रतिसाद २

मी दोन वेळा या भागात जहाजाने गेलो आहे, एकदा आईवडिलांसह. क्रूझची जाहिरात बंदरे मोजते, प्रवाशाने मात्र तास मोजावेत. जहाज सकाळी ७ ला लागले आणि दुपारी १ ला निघाले, तर ते सहा तास तुमचे नसतात. उतरायला अर्धा-पाऊण तास जातो, परतण्याची शेवटची वेळ निघण्याच्या निदान अर्धा तास आधी असते आणि बसचा प्रवास दोन्ही बाजूंनी वजा होतो. त्यामुळे दोन्ही कंपन्यांकडून प्रत्येक बंदरात येण्याची व सुटण्याची वेळ मागवा आणि एका कागदावर स्थळावर उरणारे तास लिहा. सहल त्या कागदावरून निवडा.

त्या दृष्टीने गिझा पाहू. अलेक्झांड्रियाहून पिरॅमिड सुमारे २२० किलोमीटरवर आहेत, म्हणजे रस्ता मोकळा असला तरी एका बाजूला तीन तास. बारा तासांच्या मुक्कामातील सहा तास बसमध्ये जातात आणि पिरॅमिडसमोर फार तर दोन तास मिळतात, तेही दुपारच्या उन्हात. आपल्या वडिलांचा युक्तिवाद मला मनापासून पटतो, परंतु त्याचे उत्तर क्रूझमध्ये नाही. गिझाजवळचे नवे भव्य इजिप्शियन संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झाले आहे. ते आणि पिरॅमिड यांना मिळून किमान दोन दिवस हवेत. कैरोला पुढे कधीतरी विमानाने स्वतंत्र जा.

तरीही दुसरीच सहल घेतलीत, तर गिझाला न जाता अलेक्झांड्रियातच थांबा. तेथील ग्रीको-रोमन संग्रहालय २००५ पासून बंद होते, ते २०२३ मध्ये पुन्हा उघडले. कायतबेचा किल्ला पंधराव्या शतकात बरोबर त्या दीपस्तंभाच्या जागी बांधला गेला. इतिहासाच्या शिक्षकाला तो पोसायडन येथेच नीट समजेल. अलेक्झांड्रियातला माल नाईल नदीतून वर कॉप्टोसपर्यंत, तेथून उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांना जाई आणि पुढे मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागे. सोपारा आणि कल्याण ही नावे त्या काळच्या ग्रीक सागरवर्णनात येतात.

आता आईंसाठी. एफिसस त्यांना झेपेल, पण एका अटीवर : बसने वरच्या दरवाजाशी सोडायचे आणि खालच्या दरवाजाशी घ्यायचे. मग बहुतेक वाट उताराची होते. उतार सौम्य आहे, परंतु शतकानुशतकांच्या पावलांनी संगमरवर गुळगुळीत झाला आहे, म्हणून रबरी तळव्याचे बूट आणि काठी हवीच. सेल्ससच्या ग्रंथालयाचे जे दर्शनी रूप छायाचित्रांत दिसते, ते १९७० च्या दशकात पडलेले मूळ दगड जुळवून पुन्हा उभे केलेले आहे. मुलाने वडिलांच्या थडग्यावर बांधलेले ते ग्रंथालय, हे मला तेथे उभा राहिल्यावर अधिक भिडले. उतारावरील श्रीमंतांच्या घरांचे तिकीट निराळे असते आणि आत जिने पुष्कळ आहेत. तेथे वडिलांना एकट्यांना पाठवा. भित्तिचित्रे आणि मोझेक पाहण्यासारखी आहेत. आर्टेमिसच्या मंदिराचा जुळवून उभा केलेला एकच खांब दलदलीत दिसतो. एफिसस एके काळी बंदर होते आणि नदीच्या गाळाने समुद्र कित्येक किलोमीटर मागे सारला, हे जहाजातून उतरून बसने तेथे जाताना आपोआप लक्षात येते.

नॉसॉस, म्हणजे क्रीट बेटावरील प्राचीन मिनोअन संस्कृतीचा राजवाडा, हेराक्लिओनपासून पाचच किलोमीटरवर आहे. जमीन ओबडधोबड आहे, सावली थोडी. आर्थर एव्हन्स यांनी १९०० पासून तेथे उत्खनन केले आणि पुढे काँक्रीट वापरून खांब व दालने पुन्हा उभारली. मूळ किती आणि एव्हन्स किती, हा वाद वडिलांना आवडेल. भित्तिचित्रांचे मूळ तुकडे मात्र शहरातील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. माझ्या मते आईंनी सरळ संग्रहालयात जावे, तेथे बसायलाही मिळते. जाता जाता सांगतो : नॉसॉससह मिनोअन राजवाडे जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, त्याच अधिवेशनात मराठ्यांचे १२ किल्लेही आले. मार्गदर्शकाला हे सांगितले तर गप्पा रंगतात.

ऱ्होड्सला जहाज जुन्या तटबंदीच्या शहराशेजारीच लागते, त्यामुळे आई-वडिलांना हवे तेव्हा परतता येईल. लिंडोसचा डोंगर पन्नासेक किलोमीटर दूर आहे आणि चढण सगळी पायऱ्यांची. तो विचार सोडून द्या.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त सँटोरिनीबाबत सावध करते. तेथे मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत, ज्वालामुखीच्या मुखात भरलेल्या पाण्यात उभी राहतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जुन्या बंदरातून वर फिरा गावात जायला केबल कार, गाढवे किंवा जवळजवळ ६०० पायऱ्या असे तीनच मार्ग आहेत, आणि केबल कारची रांग आईंना तासभर उभी ठेवू शकते. जहाजाचीच सहल घेतली तर बहुधा अथिनिओस बंदरात उतरवून बसने थेट वर नेतात, म्हणून या एका बंदरापुरती ती महाग असली तरी घ्यावी. अक्रोतिरी अवश्य पाहा. इ.स.पू. १६०० च्या सुमारास राखेखाली गाडलेले हे गाव १९६७ पासून खणून काढत आहेत. संपूर्ण स्थळावर छप्पर आहे, चालायला बांधलेले मार्ग आहेत, आणि माझ्या सासूबाईंनाही ते काही त्रास न होता पाहता आले.

मिकोनोसवरून डेलोस या प्राचीन अवशेषांच्या बेटाला बोट जाते. वारा असला तर ती रद्द होते आणि बेटावर सावलीचे झाड शोधावे लागते. वडिलांसाठी उत्तम, आईंसाठी नाही. सँटोरिनी व मिकोनोस येथे क्रूझ प्रवाशांकडून २०२५ पासून माणशी शुल्क घेतात. जून ते सप्टेंबर ते २० युरो आहे, ऑक्टोबरमध्ये कमी. एजंटच्या रकमेत ते धरले आहे का, ते विचारा.

समुद्राविषयी : मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, ऑक्टोबरपर्यंत तो बहुतेक ओसरतो. तरी केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्या, कारण हेलकावे तेथे कमी जाणवतात.

जेवणाची चिंता नको. ग्रीक लोक उपवासाला मांस आणि दूध दोन्ही वर्ज्य करतात, त्या पदार्थांना ते 'निस्तिसिमो' म्हणतात. मात्र त्यात कोळंबी, कालवे, ऑक्टोपस चालतात, म्हणून हा शब्द उच्चारून तेही नको असे वेटरला सांगा. सँटोरिनीचा फावा म्हणजे तर पिवळ्या डाळीचे घट्ट वरणच, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. भात मात्र मागून आणावा लागेल.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन्ही कंपन्यांकडून वेळा मागवल्या आणि काल रात्री वडिलांना फोनवर एक एक करून वाचून दाखवल्या. १० रात्रींच्या सहलीत जहाज कुशादासीला सकाळी ७ ते दुपारी १ एवढेच थांबते आणि हेराक्लिओनला पाच तास. ७ रात्रींच्या सहलीत हेच आकडे अकरा आणि नऊ आहेत. वडिलांनी कागदावर वजाबाकी केली आणि नॉसॉसला दीड तास उरतो म्हणाले. थोडा वेळ शांत राहून त्यांनी स्वतःच पहिली सहल घ्यायला सांगितले. कैरोचा विषय मात्र त्यांनी सोडलेला नाही, तो पुढच्या हिवाळ्यावर ढकलला आहे. एजंटला अनेक प्रवेशांच्या व्हिसाविषयी पत्र पाठवले आहे.

आणखी एकच विचारायचे आहे. आम्ही जहाज निघण्याच्या दोन दिवस आधी अथेन्सला पोहोचणार आहोत. अ‍ॅक्रोपोलिसला (पार्थेनॉन मंदिर ज्या टेकडीवर आहे, तिला) आता दिवसाला २०,००० पर्यटकांची मर्यादा आणि ठरावीक वेळेचे तिकीट असते, असे वाचले. उत्तर बाजूच्या लिफ्टने आईला वर नेता येते, असेही कळले, परंतु ती व्हीलचेअर नसलेल्या, केवळ गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला वापरू देतात का आणि त्यासाठी डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत ठेवावे का? कोणी अलीकडे गेले असल्यास कृपया कळवावे. आई म्हणते, पार्थेनॉन खालूनही दिसतो. वडिलांना ते मान्य नाही.

प्रतिसाद २

पत्र जरूर ठेवा, आणि प्रवेशद्वारावर पोहोचताच, तिकीट तपासण्याआधी कर्मचाऱ्यांना विचारा. ती लिफ्ट चालण्यास अडचण असणाऱ्यांसाठीच आहे, परंतु वारा जोराचा असला तर बंद ठेवतात. म्हणून दोन दिवसांपैकी पहिल्या दिवसाचे, सकाळी ८ चे तिकीट काढा, म्हणजे काही बिनसले तर दुसरा दिवस हाती राहील. बंदच असली तर आईंना पायथ्याच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात न्या. त्याच्या वरच्या मजल्यावरील काचेतून पार्थेनॉन समोर दिसतो, आणि बसायला बाकही आहेत.