बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, चितळं खातात. ग्रामसभेनं जाळी मारावी का?

बांबूवाला: चिमूर तालुक्यात, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला, म्हणजे भोवतालच्या पट्ट्याला, लागून आमच्या ग्रामसभेचं जंगल आहे, २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळालेलं. वास्ता निघाला की त्याच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. सुरुवातीलाच शेंडा गेला, तर तो बांबूच गेला. यंदा एका रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, नऊ वास्ते मोजले होते. पोळ्यापर्यंत दोन उरले. बाकीचे ओरबाडलेले, खाली लेंड्या. माझं मत स्पष्ट आहे, कापणीच्या तुकड्याला दोन पावसाळे जाळी. चितळ वाघाचं खाद्य असेल, पण आमचं पोट बांबूवर आहे.

सायाळ: लेंड्या दिसल्या की चोर चितळच? सायाळ अन् रानडुक्करही वास्त्यावर टपलेले असतात. माती उकरली होती का? सशाचा काप सुरीनं घेतल्यासारखा तिरपा असतो. चितळाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून देठ फाटतो. अन् राजेहो, श्रावणात बाजारात वास्त्यांचे ढीग कोण लावतं, चितळं?

बांबूवाला: हा टोला मान्य. पण उकरलेलं नव्हतं, देठ फाटलेलेच होते. वास्त्याची भाजी आम्हीही खातो, फक्त कापणीच्या तुकड्यातून काढायला ग्रामसभेची बंदी आहे. चितळांना ठराव कोण वाचून दाखवणार?

गुराखी_चंद्रपूर: फाटलेला देठ शेळीचाही असतो बरं, तिलाही वरचे दात नसतात. तुमच्या गावच्या शेळ्या कुठं चरतात ते आधी सांगा. शिवाय चितळ आवळे गिळून रवंथ करताना बिया रानभर टाकतं, त्या आवळ्याचा पैसा गोड लागतो ना? रायमुनिया (घाणेरी) माजून गवत गेलं, मग ते बिचारं वास्त्यावरच येणार. जाळीचा खर्च रायमुनिया उपटण्यावर करा.

धानवाली: तुम्ही सगळे जंगलातच अडकलात. जाळी मारली तर चितळं जातील कुठं? माझ्या बांधीत, धानाच्या शेतात! आताच रात्री मचाणीवर जागल करतो आम्ही.

बांबूवाला: ताई, हे मी धरलंच नव्हतं. शेळ्यांचंही खरं आहे, कधी कधी सुटतात. मग पूर्ण तुकडा नको. दोन-तीन रांज्यांना बोरीच्या काट्यांचा घेरा करतो, शेजारच्या उघड्या ठेवतो. पुढच्या पोळ्याला दोन्हीकडचे वास्ते मोजू. रायमुनियाचं मात्र पटलं नाही, ती दरवर्षी उपटतो, दरवर्षी येते.

सायाळ: काट्यातून सायाळ शिरते, लक्षात ठेवा.

धानवाली: घेरा करा. फक्त माझ्या बांधीच्या अंगाला नको.